साडेपाचला बदलणारी तारीख

कामगंध सापळ्याचा नियम आमच्याकडे कापूस पेरणाऱ्या बहुतेकांना तोंडपाठ आहे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ नर पतंग सापडले, की गुलाबी बोंडअळी नुकसानीच्या पातळीवर आली असे समजायचे आणि फवारणीचे बघायचे. नियम ऐकायला सोपा. अडचण ‘सलग तीन रात्री’ या तीन शब्दांत आहे. सोमवारी सापळा पाहिला, मंगळवारी झड लागली, बुधवारी बाजार, गुरुवारी पाहिले तर वीस पतंग. हे वीस तीन रात्रींचे, की एकट्या बुधवारच्या रात्रीचे? मेलेला पतंग ते सांगत नाही.

फवारणी एक कमी की एक जास्त, हा यवतमाळ जिल्ह्यात नुसता औषधाच्या पैशाचा प्रश्न राहिलेला नाही. २०१७ च्या हंगामात इथे बोंडअळीने बोंडे पोखरली आणि त्याच हंगामात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. तेव्हापासून पंप पाठीवर घेण्याआधी माणूस दहादा विचार करतो, आणि विचार करायला त्याला आकडा लागतो.

माझे पांढरकवड्यात दुरुस्तीचे दुकान. कागदोपत्री तालुका केळापूर, पण कचेऱ्या, बाजार, एसटीचा थांबा सगळे पांढरकवड्यात. इन्व्हर्टर, मोटारीचे ऑटो स्टार्टर आणि शेताच्या कुंपणाची सोलर झटका मशीन, यांवर दुकान चालते. झटका मशीन घेऊन येणाऱ्या एका काकांनी हा सापळ्याचा विषय काढला. त्यांचे वावर टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला. मी म्हटले, रोज पहाटे एक चक्कर मारून मोजून घेत जा. त्यावर ते म्हणाले, “रातच्याले न् पहाटे वावरात कोन जाते भाऊ? वाघ हाय, डुक्कर हाय. तुमच्या मशीनलेच पाठवा.”

त्यांचे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते. २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात नरभक्षक ठरलेल्या टी-१ वाघिणीपायी जे दिवस काढले, ते इकडच्या कुणाला सांगावे लागत नाहीत. तेव्हा मशीन पाठवायचे ठरले.

मशीन म्हणजे रास्पबेरी पाय. पत्त्याच्या पानाएवढा हा संगणक २०१२ मध्ये बाजारात आला तो शाळकरी पोरांनी प्रोग्रामिंग शिकावे म्हणून. आता तो कुठे कुठे लावतात याला सुमार नाही. डेल्टा सापळ्याच्या तळाशी चिकट कागद असतो, मध्ये कामगंधाचे लुअर टांगलेले असते. त्या वासावर नर पतंग येतो आणि कागदाला चिकटतो. वर एक छोटा कॅमेरा बसवला, दर तासाला कागदाचा फोटो घ्यायचा, आधीच्या फोटोत नसलेले पतंग मोजायचे, की त्या तासाची आवक कळली. उजेडासाठी पांढऱ्या एलईडीची पट्टी, पण ती फोटोपुरती, डोळ्याची पापणी लवेल इतकीच. जास्त वेळ पेटली की पावसाळ्यात गावभरचे किडे कागदावर येऊन बसतात आणि मग मोजणी कशाची करायची हाच प्रश्न पडतो.

कॅमेरा, फोटो, मोजणी हा भाग लोकांना आवडतो, दाखवायलाही बरा असतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेही कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करणारा असा सापळा तयार केला आहे. पण वावरात पेटी उभी करून ती हंगामभर चालू ठेवायची तर निम्म्याहून जास्त डोके दोनच गोष्टींत जाते. पेटीने झोपायचे कधी आणि उठल्यावर तिला किती वाजले हे कळायचे कसे. या लेखात मी त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी विजेचे. शेताच्या लाइनीवर विसंबणे शक्यच नव्हते. ती कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीने येते, आणि वादळात फेज गेला की डीपीपर्यंत कुणी पोचेस्तोवर गेलेलाच राहतो. म्हणून सोलर पॅनेल आणि बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची बॅटरी. माझ्याकडचा पाय ३ कॅमेऱ्यासकट सतत चालू ठेवला तर अडीच वॅटच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाचे साठ वॅट-तास. बॅटरीत कागदावर चौऱ्याऐंशी वॅट-तास असतात, पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचे आयुष्य घटते, म्हणून हिशेबाला बेचाळीसच धरायचे. सतत चालवायचे म्हटले तर एक ढगाळ दिवससुद्धा निघत नाही. मोठे पॅनेल, मोठी बॅटरी लावा असे सांगणारे भेटतात. वावरात चकचकीत मोठे पॅनेल म्हणजे चोराला आमंत्रण, हे त्यांना माहीत नसते.

उलट काम बघा किती आहे. संध्याकाळी सातपासून पहाटे पाचपर्यंत दर तासाला उठायचे, म्हणजे अकरा वेळा. प्रत्येक वेळी चालू होणे, फोटो, मोजणी, बंद होणे मिळून चारेक मिनिटे. दुपारी एकला पंधरा मिनिटे उठून रात्रीचे आकडे फोनवर पाठवायचे. सगळे मिळून दिवसाचा एक तास. साठ वॅट-तासांचे काम अडीच-तीन वॅट-तासांत बसते, आणि तीच बॅटरी सूर्य न दिसता पंधरवडा काढते. उरलेले तेवीस तास झोप.

आणि इथेच पाय अडतो. मोबाइलला झोप माहीत आहे, पायला नाही. त्याला शटडाउन सांगितले तरी तारेतून थोडी वीज तो ओढत राहतो, आणि एकदा बंद झाला की स्वतःहून उठत नाही. वीज काढून पुन्हा दिली की उठतो. म्हणजे त्याची वीज वेळेवर तोडणारे आणि जोडणारे बाहेरचे कुणीतरी लागते. साधा टायमर चालत नाही, कारण शटडाउन पुरे होण्याआधी वीज तोडली तर मेमरी कार्ड बसते. एकदा कार्ड बसले की पेटी वावरातून दुकानात आणावी लागते.

दुसरी खोड याहून गमतीची आहे. या संगणकात घड्याळच नाही. किंमत कमी ठेवायची म्हणून बनवणाऱ्यांनी ते गाळले. इंटरनेट असेल तर तो चालू होताच वेळ विचारून घेतो. नसेल तर बंद होताना एका फाइलमध्ये शेवटची वेळ लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच मोजायला लागतो. मधले तास त्याच्या लेखी झालेलेच नसतात. आता आमच्या पेटीचा हिशेब करा. रोज एक तास जागी, तेवीस तास झोपलेली. वावरात चोवीस दिवस गेले की तिच्या मते एक दिवस गेला. रेवतीसाठी वर विचारायला तिचा बाप तिला घेऊन ब्रह्मलोकात गेला, गाणे संपेपर्यंत थांबला आणि परत येऊन बघतो तर पृथ्वीवर युगे उलटलेली, तशातली गत. सलग तीन रात्रींचा नियम अशा यंत्राच्या हाती द्यायचा कसा?

दुपारी एकला नेट मिळाले की वेळ सुधारते हे खरे, पण तोवर रात्रीच्या फोटोंना चुकीची नावे पडून गेलेली असतात. शिवाय काकांच्या वावरात नेटवर्क येते ते मर्जीने.

दोन्ही रोगांवर औषध एकच आहे, आणि ते नखाएवढे आहे. डीएस ३२३१ नावाची घड्याळाची चिप. तिला नाण्याएवढा सेल लावला की पाय बंद असो, मुख्य बॅटरी काढलेली असो, ती आपली मोजत बसते. तिच्या आत सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. दोनाने पंधरा वेळा भागले की बरोबर एक उरतो, म्हणून हा आकडा. हातातल्या घड्याळातही असाच स्फटिक असतो. पण स्फटिकाला उष्णता मानवत नाही. पंचवीस अंशाला तो नेमका असतो, आणि तिथून जितके दूर जाल त्याच्या वर्गाच्या पटीत मागे पडतो. ऑक्टोबरच्या उन्हात बंद पेटीत पन्नास अंश सहज होतात. तेवढ्या तापमानात साधा स्फटिक दिवसाला पावणेदोन सेकंदांहून जास्त मागे पडतो, महिन्याला जवळपास मिनिटभर. डीएस ३२३१ दर ६४ सेकंदांनी स्वतःचे तापमान मोजते आणि स्फटिकाची चाल त्याप्रमाणे सावरते. शून्य ते चाळीस अंशांत तिची चूक दहा लाखांत दोन भाग, म्हणजे वर्षाला मिनिटभर. खरे सांगायचे तर बोंडअळीला मिनिटभराने काही फरक पडत नाही. पण हंगामभर घड्याळ लावायला वावरात जावे लागत नाही, हा फरक मला पडतो.

ही चिप बसवलेल्या स्वस्त निळ्या पट्ट्या बाजारात मिळतात, त्यांबद्दल एक सूचना. त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर सेल चार्ज करायची सोय असते. एक डायोड, एक दोनशे ओहमचा रोध. ती सोय चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे, आणि आपण दुकानातून आणतो तो सीआर २०३२ चार्ज करायचा नसतो. पाच व्होल्टवर ती पट्टी चालवली तर तो सेल फुगू शकतो. मी अशा पट्टीवरचा तो रोध कावियाने आधी काढतो, मगच सेल घालतो.

आता या चिपचा खरा गुण. तिच्यात दोन गजर आहेत. गजराची वेळ झाली की तिची एक पिन खाली जाते आणि गजराची खूण पुसेपर्यंत खालीच राहते. त्या पिनेवर एक मॉस्फेट, म्हणजे विजेचा स्विच, लावला, की गजर होताच पायला वीज मिळते. पाय उठतो, फोटो काढतो, पुढच्या तासाचा गजर लावतो आणि आधीची खूण पुसतो. खूण पुसली की पिन वर जाते आणि वीज तुटते. कागदावर हे फार सुंदर दिसते. पण बघा, वीज तोडणारी आज्ञा पायनेच द्यायची, आणि ती द्यायला तो जागा असला पाहिजे. म्हणजे स्वतःच्याच पायाखालची सतरंजी ओढल्यासारखे, शटडाउन न होताच वीज जाते. मधे कुणीतरी ‘हा झोपला का बघतो, मग दिवा मालवतो’ म्हणणारे हवे.

ते काम करणारी पट्टी यूयूगिअर कंपनीची विटी पाय. मी वापरली ती तिसरी आवृत्ती, तिच्यावर डीएस ३२३१ च आहे आणि जोडीला एक छोटा मायक्रोकंट्रोलर. ती पायच्या डोक्यावर टोपीसारखी बसते. बंद करायची वेळ झाली की ती पायची जीपीआयओ ४ ही पिन खाली ओढते, पायमधला प्रोग्राम ते पाहून शटडाउन सुरू करतो. पायच्या संदेश पाठवण्याच्या पिनेवरून पट्टीला कळते की आता आत सारे शांत झाले, आणि थोडे थांबून मगच ती वीज तोडते. वेळापत्रक एका साध्या फाइलमध्ये लिहायचे. ‘बिगिन’ आणि ‘एन्ड’ म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मग ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ च्या ओळी, पुढे दिवस-तास-मिनिटे. ऑन चार मिनिटे, ऑफ छप्पन मिनिटे, अशा दहा जोड्या, अकराव्या ऑननंतर दुपारी एकपर्यंत ऑफ, मग दुपारची पंधरा मिनिटे ऑन आणि सातपर्यंत ऑफ, की चक्र पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी चालू झाल्यावर पाय ही फाइल वाचतो आणि पुढच्या उठण्या-झोपण्याचे गजर लावतो. ‘ऑन’ पुढे ‘वेट’ लिहिले तर बंद करण्याचा गजर लागत नाही, काम आटोपले की प्रोग्रामने स्वतः बंद व्हायचे. काही जणांना ते आवडते. मी लिहीत नाही. प्रोग्राम अडकला तर बॅटरी रिकामी होईपर्यंत तो अडकूनच राहील. चार मिनिटे म्हणजे चार मिनिटे, फोटो निघाला नाही तर पुढच्या तासाला बघू.

टिपेश्वरच्या एखाद्या वाघालाही असलेच यंत्र बांधलेले असते. २०१९ मध्ये डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेने इथल्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली होती. हाच तो वाघ, जो टिपेश्वरहून निघून तेलंगण-महाराष्ट्र फिरत शेवटी बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची कॉलर तासातासाला उठून ठिकाण टिपत असे. म्हणून तर तो कुठून कुठे गेला ते सांगता आले. सतत जागी राहिली असती तर कॉलर अर्ध्या वाटेतच गप्प झाली असती. काकांना हे सांगितल्यावर पेटीबद्दलचा त्यांचा आदर जरा वाढला.

आता तारखेचे. सुरुवातीला वाटते, घड्याळ बरोबर असले की तारीख बरोबरच. पण रात्र नावाच्या वस्तूला दोन तारखा असतात. संध्याकाळी आठला आलेला पतंग आणि रात्री दोनला आलेला पतंग एकाच रात्रीचे, तरी कॅलेंडर त्यांना दोन दिवसांत वाटून टाकते. आणि गुलाबी बोंडअळीचे पतंग तर उशिरा रात्रीच जास्त फिरतात. प्रत्येक फोटोला ‘हा कोणत्या रात्रीचा’ असे वेगळे लिहायला प्रोग्राममध्ये सोय करता आली असती. त्याची गरज पडली नाही. चिपमधले घड्याळ आपल्या वेळेवर चालत नाही, जागतिक प्रमाणवेळेवर चालते, आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. आपले संध्याकाळचे सात म्हणजे तिथले दुपारचे दीड. आपले पहाटेचे पाच म्हणजे तिथले रात्रीचे साडेअकरा, आणि तारीख तीच. तिथे मध्यरात्र होऊन तारीख बदलते ती आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजता. सातपासून पाचपर्यंतचे अकराच्या अकरा फोटो आपोआप एका तारखेखाली बसतात. फोटोंची नावे मी त्याच वेळेने ठेवली आणि काकांच्या फोनवर जाताना तेवढे तास आपल्या वेळेत बदलले.

माझ्या आजीला हे सांगितले असते तर तिला त्यात नवल वाटले नसते. पंचांगात वार बदलतो सूर्योदयाला, रात्री बाराला नाही. कापसाच्या हंगामात आमच्याकडे सूर्य सहाच्या आगेमागे उगवतो. म्हणजे ग्रीनिचची तारीख पांढरकवड्यात जवळजवळ पंचांगाच्या वाराबरोबर पालटते. हा निव्वळ योगायोग आहे, रेखांशाच्या अंतराचा, पण सापळा मोजणाऱ्याच्या सोयीचा आहे.

पॅनेल बसवतानाही रेखांश आठवावा लागतो. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची, पांढरकवडा साडेअठ्ठ्याहत्तरच्या जवळ. चार अंशांची सोळा मिनिटे. म्हणून सूर्य डोक्यावर येतो तो वर्षाच्या सरासरीने सव्वाबाराला. आकडे पाठवायला दुपारचा एक निवडला तो त्यामुळे. तोवर रात्रीचा खर्च बराचसा भरून आलेला असतो, आणि मोबाइलचा डोंगल सगळ्यात जास्त वीज खातो.

झडीत मात्र हे गणित कोलमडते. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, पॅनेलवर पाण्याचा थर आणि खाली चिखल. तिथे विटी पायची आणखी एक सोय कामाला येते. बॅटरीचा व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याखाली गेला की ती पायला झोपवते, आणि चढत चढत वरच्या दुसऱ्या आकड्यावर पोचल्याशिवाय उठवत नाही. दोन आकड्यांत अंतर ठेवणे महत्त्वाचे. एकच ठेवला तर पाय उठतो, उठल्याने व्होल्टेज पडतो, लगेच झोपतो, पुन्हा उठतो. मी खालचा अकरा पॉइंट आठ आणि वरचा साडेबारा ठेवतो. मधे एखादी रात्र फोटोविना जाते. ती रात्र यादीत कोरी दिसते, शून्य दिसत नाही. या दोहोंत फार फरक आहे, आणि शून्य व कोरे वेगळे दाखवणे मला मोजणीपेक्षा मोलाचे वाटते. कोऱ्या रात्रीनंतर ‘सलग तीन’ची गिनती पहिल्यापासून.

काकांची मागणी वेगळीच होती. आमच्याकडे बोंडअळी अमावास्येच्या हिशेबाने पाहतात. अमावास्येच्या अंधारात पतंग अंडी घालतात, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी फवारा, असे लोक सांगतात आणि सल्ल्यातही येते. पोळ्याच्या अमावास्येला तर जुना माणूस आधी पऱ्हाटीच्या पात्या-फुलांकडे बघतो, अळीमुळे न उमललेल्या डोमकळ्या शोधतो. काका आकड्यांचा तक्ता बघून म्हणाले, “तिथी टाका न भाऊ यात. अमावश्या कवा होती ते समजलं पाह्यजे.” टाकली. वर्षाच्या अमावास्या-पौर्णिमांची यादी एका फाइलमध्ये, एवढेच. अमावास्येचे म्हणणे खरे की खोटे हे एका वावराच्या एका सापळ्यावरून ठरत नाही, तसे मी त्यांना सांगितलेही. ते म्हणाले, ठरवायचे कोणाला आहे, बघायचे आहे.

जाणकार गिऱ्हाइके विचारतात, एवढा खटाटोप कशाला, ईएसपी ३२ हा मायक्रोकंट्रोलर लावा, त्याला झोपता-उठता येते आणि वीज जवळजवळ लागतच नाही. बरोबर आहे. नुसता फोटो काढून पाठवायचा असता तर मी तेच लावले असते. पण नेटवर्क नसताना पतंग वावरातच मोजायचे तर पायएवढे डोके लागते. २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ मध्ये घड्याळ आतच आहे, फक्त सेल जोडायचा, आणि त्या घड्याळाच्या गजरावर तो बंद अवस्थेतून उठतोही. ऐकून बरे वाटले. पण तो जागेपणी पाय ३ पेक्षा जास्त वीज खातो, महाग आहे, आणि चार मिनिटांच्या कामाला त्याचा वेग निरुपयोगी. माझ्या पेट्यांत जुनाच राहील.

लुअर महिन्याभराने बदलावे लागते, नाहीतर वास संपतो, पतंग येणे थांबते आणि बोंडअळी गेली असे वाटते. ती तारीख आता त्याच घड्याळावर बांधली आहे. लुअर बदलून पेटीचे बटण दाबले की दिवस मोजायला सुरुवात, आणि मुदत भरत आली की दुपारच्या एकच्या संदेशात ‘लुअर बदला’ असे येते. फोटो, तक्ता, तिथी या सगळ्यांपेक्षा ही ओळ काकांच्या जास्त उपयोगी पडली. आता त्यांना तसाच संदेश झटका मशीनच्या बॅटरीत पाणी घालायच्या दिवशीही हवा आहे. त्याचे किती पैसे घ्यायचे, ते अजून आमचे ठरायचे आहे.